पत्र्याची कड, बेंडची त्रिज्या आणि चुकणारी मापे

विद्युत पॅनेलची कॅबिनेट बनवणाऱ्या एका लहान कारखान्याच्या चालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे पत्रा कातरणारे शीअरिंग मशीन, 50 टनी मेकॅनिकल पॉवर प्रेस आणि पत्रा वाकवणारा, अडीच मीटर लांबीचा हायड्रॉलिक प्रेस ब्रेक आहे. काम मुख्यतः 1.6 आणि 2 मि.मी. जाडीच्या सीआर (थंड लाटलेल्या) पत्र्यात चालते. दरवाजे वाकवून झाले की मापात एक ते दीड मि.मी. फरक पडतो आणि तो दर लॉटला वेगळा असतो. ब्रॅकेटच्या बेंडवर मधूनच तडे जातात. कापण्याचा साचा, म्हणजे डाय, ग्राइंड करून आणली तरी थोड्याच दिवसांत कापलेल्या कडेवर उभे राहणारे धारदार टोक, म्हणजे बर, पुन्हा वाढते. शिवाय 80 मि.मी. व्यासाची आणि 50 मि.मी. खोलीची एक टोपी बनवून देण्याची नवी विचारणा त्यांच्याकडे आली आहे. या सगळ्यावर उपाय म्हणून कटिंगचे पूर्ण काम बाहेर लेझरवर द्यावे का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो, कारण पुढचे सगळे उत्तर तिच्यावर उभे आहे. वाकवताना दिसणारा दोष बहुतेक वेळा वाकवण्याच्या टप्प्यावर जन्मलेला नसतो. तो पत्रा निवडताना, कापताना किंवा सपाट माप काढताना शिरलेला असतो आणि प्रेस ब्रेकवर केवळ उघड होतो. त्यामुळे ऑपरेटरला बोल लावून आणि बॅकगेज (पत्रा टेकवून माप धरण्याचा मागचा थांबा) पुन्हा पुन्हा सरकवून हा फरक कायमचा जात नाही. आपल्या प्रश्नातली तीन दुखणी, म्हणजे माप, तडा आणि बर, मला एकमेकांत गुंतलेली दिसतात आणि म्हणून मी ती पत्र्यापासून सुरुवात करून क्रमानेच घेतो.

पत्रा गेजवर विकत घेणे आधी थांबवावे. ब्रिटिश पद्धतीच्या वायर गेजनुसार 14 गेज म्हणजे 2.03 मि.मी., तर अमेरिकेत पोलादी पत्र्यासाठी रूढ असलेल्या गेजनुसार तोच आकडा सुमारे 1.90 मि.मी. होतो. खरेदीच्या चिठ्ठीवर नुसते ‘14 गेज’ लिहिले, तर पुरवठादाराने दिलेला 1.90 चा पत्रा आपल्याला नाकारता येत नाही. जाडी मि.मी. मध्ये लिहावी, सोबत आयएस 513 या भारतीय मानकातील ग्रेड लिहावी आणि मिलच्या चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागावी. या मानकात सीआर1 पासून सीआर5 पर्यंत ग्रेड आहेत, पण बाजारात आजही डी, डीडी आणि ईडीडी हीच जुनी नावे चालतात. साध्या बेंडिंगला डी ग्रेड पुरते, ओढकामाला (पत्रा डायमध्ये ओढून खोल आकार देण्याला) ईडीडी किंवा त्याहून मऊ पत्रा लागतो. माल आला की प्रत्येक बंडलमधील दोन-तीन पत्र्यांची जाडी मायक्रोमीटरने, कडेपासून थोडे आत मोजून भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवावी. व्हर्निअरने कडेवर मोजलेली जाडी बरमुळे फसवी येते. या मोजणीला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत, आणि तिच्याशिवाय पुढची कोणतीही गणना विश्वासार्ह होत नाही.

वजनाचा ताळाही उपयोगी पडतो. पोलादाचा 1 मि.मी. जाडीचा एक चौरस मीटर पत्रा 7.85 किलो भरतो. म्हणजे 2500 बाय 1250 मि.मी. चा 2 मि.मी. पत्रा साधारण 49 किलोचा असला पाहिजे. पैसे वजनावर दिले जात असल्यामुळे जास्त जाड पत्रा आपल्याला महाग पडतो आणि कमी जाड पत्रा आपल्या मापांना.

आता कापण्याकडे वळू. पत्रा कापला जातो असे आपण म्हणतो, पण शीअरिंगमध्ये किंवा डायमध्ये तो पूर्ण जाडीभर कधीच कापला जात नाही. वरचे पाते पत्र्यात थोडे शिरते, पत्र्याची वरची कड आत ओढली जाऊन गोल होते, नंतर काही खोलीपर्यंत धातू खरोखर कापला जाऊन चकचकीत पट्टा उमटतो आणि उरलेली जाडी एकाएकी तुटते. तुटलेला भाग खरखरीत आणि किंचित तिरपा असतो, आणि त्याच्या टोकाला बर उभी राहते. कारखान्यात दहापट मोठे दिसणारे भिंग ठेवावे आणि कापलेल्या कडेचे हे चार थर पाहण्याची सवय ऑपरेटरला लावावी. कड जे सांगते ते इतर कोणत्याही तपासणीपेक्षा लवकर सांगते.

वरून उतरणारा पंच आणि खालची डाय यांच्यातील मोकळ्या जागेला, म्हणजे क्लिअरन्सला, येथे सर्वाधिक महत्त्व आहे. मऊ पोलादासाठी तो एका बाजूला जाडीच्या 5 ते 10 टक्के ठेवतात आणि सीआर पत्र्यासाठी मी 6 टक्क्यांपासून सुरुवात करतो. 2 मि.मी. पत्र्यात 10 मि.मी. चे भोक पाडायचे असेल, तर पंच 10 मि.मी. चा आणि डाय 10.24 मि.मी. ची येते, कारण भोकाचे माप पंच ठरवतो. तेच 10 मि.मी. ची चकती काढायची असेल, तर डाय 10 मि.मी. ची आणि पंच 9.76 मि.मी. चा लागतो, कारण चकतीचे माप डाय ठरवते. क्लिअरन्स फार कमी असला तर वरून आणि खालून सुरू झालेल्या चिरा एकमेकींना भेटत नाहीत, मध्ये धातू पुन्हा कापला जातो, कडेवर दोन चकचकीत पट्टे दिसतात आणि हत्यार लवकर झिजते. क्लिअरन्स फार जास्त असला तर कड खूप गोल होते, तुटीचा तिरपेपणा वाढतो आणि बर मोठी येते. आपण एकच डाय 1.6 आणि 2 मि.मी. अशा दोन्ही पत्र्यांसाठी वापरत असाल, तर 2 मि.मी. साठी योग्य असलेला क्लिअरन्स 1.6 ला साडेसात टक्के भरतो. तो चालून जातो. पण तीच डाय 1 मि.मी. च्या कामाला लावली तर तो 12 टक्के होतो आणि बर येणारच.

बर कुठे आली आहे हे पाहिले की दोषाचे मूळ कळते. चकतीवर बर जास्त असेल तर पंचाची धार गेलेली असते, भोकाच्या कडेवर बर जास्त असेल तर डायची. बर परिघाच्या एकाच बाजूला असेल तर धार लावण्याचा काही उपयोग नाही. पंच आणि डाय एका रेषेत नाहीत, आणि दोष डायचे दोन्ही भाग रेषेत ठेवणाऱ्या गाइड पिलरमध्ये, प्रेसचा सरकता भाग धरणाऱ्या झिजलेल्या गिबमध्ये किंवा घाईत केलेल्या सेटिंगमध्ये शोधावा. आपण लिहिले आहे की ग्राइंड करून आणल्यावर थोड्याच दिवसांत बर परत येते. याची दोन कारणे मला अधिक संभवतात. पहिले म्हणजे रेषेचाच हा दोष. दुसरे म्हणजे डाय फार उशिरा ग्राइंडला जाते. धार बोथट होऊन तिची कड गोल झाली की झीज खोलवर उतरलेली असते, आणि ग्राइंडरने वरून पुसटसा हात मारला तर गोलाई पूर्ण निघत नाही. बरची उंची जाडीच्या 10 टक्क्यांजवळ येण्यापूर्वीच डाय उतरवावी, तेवढ्यात 0.1 ते 0.2 मि.मी. काढून भागते आणि डायचे एकूण आयुष्य वाढते. ग्राइंडिंग करताना थंडावा पुरेसा नसेल तर पृष्ठभाग जळतो, डायच्या एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमच्या) पोलादाचा 58 ते 60 रॉकवेलचा कठीणपणा वरच्या थरात उतरतो आणि नवी धार काही तासांतच जाते. ग्राइंड केलेल्या तोंडावर तपकिरी किंवा निळसर छटा दिसली, तर तो जॉब परत पाठवावा.

शीअरिंग मशीनबाबत दोनच गोष्टी सांगतो. पात्यांमधील फट पत्र्याच्या जाडीनुसार बदलायची असते, आणि बहुतेक लहान कारखान्यांत ती मशीन बसवल्यापासून कोणी हलवलेली नसते. दुसरे असे की वरच्या पात्याचा तिरपेपणा जितका जास्त, तितका जोर कमी लागतो, पण अरुंद पट्टी पिळवटून बाहेर पडते. 30-40 मि.मी. रुंदीच्या पट्ट्या पिळवटत असतील तर त्या शक्य तितक्या कमी तिरपेपणावर कापाव्यात. ब्लँक, म्हणजे कापलेला सपाट तुकडा, काटकोनात आहे की नाही हे गुण्याने पाहू नये; दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांतला फरक वाकवल्यानंतर दरवाज्याच्या तिरपेपणात जसाच्या तसा उतरतो.

प्रेसचा टनेज पुरतो की नाही, हेही मोजून पाहावे. कापायच्या रेषेची लांबी, पत्र्याची जाडी आणि धातूचे कातरबल यांचा गुणाकार केला की लागणारे बल मिळते. मऊ पोलादाचे कातरबल प्रति चौरस मि.मी. 350 न्यूटन धरले, तर 2 मि.मी. पत्र्यात 600 मि.मी. परिघाचा ब्लँक काढायला 4,20,000 न्यूटन, म्हणजे सुमारे 43 टन लागतात. कागदावर हे 50 टनी प्रेसमध्ये बसते. पण मेकॅनिकल प्रेसचे पूर्ण टनेज फक्त स्ट्रोकच्या तळाजवळ मिळते, त्यातून पंचावरचा पत्रा सोडवणाऱ्या स्ट्रिपरचा जोर जातो, आणि पत्रा तुटताच ताणलेली फ्रेम एकदम मोकळी होऊन जो धक्का बसतो तो क्रँक आणि डाय दोघांनाही खातो. सी आकाराच्या फ्रेमच्या प्रेसवर ती फ्रेम बलाखाली किंचित उघडते आणि पंच तिरपा उतरतो. एका बाजूच्या बरचे हेही कारण असू शकते. क्षमतेच्या 70 टक्क्यांवर जाऊ नये, हा माझा आग्रह आहे. बल कमी करायचे असेल तर पंचांच्या उंचीत पत्र्याच्या जाडीइतका फरक ठेवून ते एकामागून एक उतरवावेत, किंवा धारेला उतार द्यावा. भोक पाडताना हा उतार पंचावर आणि ब्लँक काढताना डायवर द्यायचा असतो, म्हणजे वाकडेपणा टाकाऊ भागात जातो.

प्रेसचा विषय निघालाच आहे, तर जो मुद्दा प्रश्नात नाही तोही येथे मांडणे मला आवश्यक वाटते. फिरत्या आणि धोकादायक भागांना आवरण हवे, हे 1948 च्या कारखाना कायद्यानेच सांगितले होते, आणि तरीही पायाच्या पेडलवर चालणारा उघडा प्रेस आजही औद्योगिक वसाहतींतून सर्रास दिसतो. कामगाराचा हात डायमध्ये जाऊच शकणार नाही असे स्थिर आवरण, आणि जेथे हाताने भरावे लागते तेथे दोन्ही हातांनी दाबायची बटणे, यांशिवाय प्रेस चालवू नये. वेग कमी होतो ही तक्रार मी नेहमी ऐकतो. भरण्यासाठी साधी घसरपट्टी आणि जॉब उडवायला हवेचा झोत दिला, तर वेग टिकतो आणि बोटेही.

आता आपल्या मुख्य दुखण्याकडे, म्हणजे दरवाज्याच्या मापाकडे येऊ. बेंडमध्ये पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधला एक थर लांबीने तसाच राहतो. हा थर आतल्या पृष्ठभागापासून जाडीच्या किती अंशावर आहे ते ‘के’ फॅक्टर सांगतो. आपल्या जाडीच्या सीआर पत्र्याला साध्या बेंडमध्ये तो 0.42 च्या आसपास धरता येतो. 90 अंशांच्या बेंडसाठी वक्रातली लांबी काढायची तर आतल्या त्रिज्येत ‘के’ गुणिले जाडी मिळवायची आणि 1.571 ने गुणायचे. दोन्ही बाजूंच्या बाहेरील मापांच्या बेरजेतून जे वजा करून सपाट माप मिळते, ती बेंडची वजावट होय. ती काढण्यासाठी त्रिज्या आणि जाडी यांच्या बेरजेची दुप्पट करून त्यातून ही वक्रातली लांबी वजा करतात.

यात त्रिज्या कोठून येते, हा प्रश्न बहुतेकजण स्वतःला विचारत नाहीत. ड्रॉइंगवर 2 मि.मी. लिहिले आहे म्हणून ती 2 होत नाही, आणि पंचाचे टोक 1 मि.मी. चे आहे म्हणून ती 1 ही होत नाही. पत्रा डायच्या तळाला न टेकवता हवेत वाकवला, तर मऊ पोलादात आतली त्रिज्या व्ही डायच्या, म्हणजे खालच्या व्ही आकाराच्या खाचेच्या, तोंडाच्या साधारण सहाव्या भागाइतकी येते. 12 मि.मी. च्या व्ही वर ती सुमारे 1.9 आणि 16 च्या व्ही वर सुमारे 2.6 मि.मी. होते. हे आकडे वरच्या रीतीत घालून पाहा. 2 मि.मी. पत्र्याची वजावट 12 च्या व्ही वर जवळपास 3.5 मि.मी. आणि 16 च्या व्ही वर जवळपास 3.8 मि.मी. येते. एका बेंडला 0.3 मि.मी. चा हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु दुहेरी कड असलेल्या दरवाज्याच्या रुंदीत चार बेंड असतात, आणि तेथे तो सुमारे 1.2 मि.मी. होतो. रात्रपाळीच्या ऑपरेटरने 12 ऐवजी 16 चा व्ही लावला, एवढ्याने आपला दरवाजा चौकटीत बसेनासा होतो. पत्रा 2 ऐवजी 1.9 मि.मी. चा आला, तर त्याच 12 च्या व्ही वर वजावट सुमारे 3.4 होते आणि चार बेंडांत उलट दिशेने अर्धा मि.मी. फरक पडतो. या दोन चुका लॉटागणिक कधी एकेकट्या, कधी एकत्र आल्या की आपण सांगता तो दर लॉटला बदलणारा फरक तयार होतो. त्यासाठी ऑपरेटरचा हात थरथरण्याची गरज नाही.

म्हणून वजावटीचा तक्ता पुस्तकातून किंवा सॉफ्टवेअरमधून घेऊ नये, तो आपल्याच मशीनवर तयार करावा. ज्या पत्र्यात काम करायचे आहे त्याचीच 100 मि.मी. लांबीची पट्टी अचूक कापावी, बर काढून तिची खरी लांबी मोजावी, नेहमीच्या पंच-डायवर मध्यावर 90 अंशांत वाकवावी आणि दोन्ही बाजू बाहेरून मोजाव्यात. बेरीज 103.5 आली तर वजावट 3.5. कोन खरोखर 90 आहे याची खात्री आधी करावी, नाहीतर मोजणी फसते. अशा तीन पट्ट्यांची सरासरी घ्यावी. प्रत्येक जाडी आणि प्रत्येक व्ही यांच्या जोडीसाठी हा आकडा काढून तक्ता प्रेस ब्रेकवर चिकटवावा, आणि जॉब कार्डवर सपाट मापाशेजारी व्ही चा आकडा लिहिल्याशिवाय ते कार्ड शॉपवर जाऊ देऊ नये. माझ्या अनुभवात मापांच्या तक्रारींचा मोठा भाग या एका शिस्तीने संपतो.

व्ही निवडताना 3 मि.मी. पर्यंतच्या पत्र्याला जाडीच्या आठपट हा चांगला आरंभबिंदू आहे. 2 मि.मी. साठी 16 चा व्ही लावला तर एका मीटरला सुमारे 16 टन लागतात. 12 चा लावला तर जवळपास 22 टन. लहान व्ही ने बेंड टोकदार आणि दिसायला देखणा येतो, पण मशीनवर ताण वाढतो आणि बाहेरच्या पृष्ठभागावरही. शिवाय वाकवायची कड व्ही च्या तोंडाच्या सुमारे 0.7 पट तरी असावी लागते, नाहीतर ती डायमध्ये घसरते. 16 च्या व्ही ला 11 मि.मी. हून आखूड कड घेता येत नाही. बेंडजवळच्या भोकांनाही हाच न्याय लागतो. 2 मि.मी. पत्र्यात भोकाची कड बेंडपासून 6 ते 7 मि.मी. च्या आत आली तर भोक लंबगोल होते, आणि बिजागरीच्या स्क्रूंना ते लगेच जाणवते. ड्रॉइंगमध्येच ते भोक दूर सरकवावे; ग्राहकाने ऐकले नाही तर वाकवल्यानंतर ड्रिल करावे.

पत्रा सोडल्यावर थोडा परत उघडतो; याला स्प्रिंगबॅक म्हणतात. मऊ पोलादात हे एक-दोन अंश असते आणि स्टेनलेसमध्ये त्याहून बरेच जास्त, कारण पोलाद जितक्या जास्त ताणापर्यंत लवचीक राहते तितके ते परत फिरते. त्रिज्या जाडीच्या मानाने मोठी असली तरीही हे उघडणे वाढते. पंचाचा कोन 88 किंवा त्याहून कमी अंशांचा ठेवून थोडे जास्त वाकवणे हाच सरळ उपाय आहे. पंच तळाला ठोकून कोन पक्का करण्याची सवय जुन्या कारागिरांना असते, पण त्यासाठी कित्येक पट टनेज लागते आणि ब्रेकचे बीम कायमचे वाकण्याचा धोका असतो. लांब दरवाज्याचा कोन दोन्ही टोकांना बरोबर आणि मध्यभागी उघडा येत असेल, तर ते स्प्रिंगबॅक नव्हे. ब्रेकचे बीम मध्ये झुकत आहे. क्राउनिंगची, म्हणजे हे झुकणे भरून काढण्याची, सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर डायखाली मध्यभागी शिम (पातळ पट्ट्या) द्यावेत आणि ते जाडीनुसार नोंदवून ठेवावेत.

ब्रॅकेटवरील तड्यांकडे पाहताना मला आधी तुटलेला तुकडा हातात घ्यावासा वाटतो, पण आपल्या वर्णनावरूनही तीन शक्यता सांगता येतात. पत्र्याला लाटण्याची दिशा असते. बेंडची रेषा त्या दिशेला समांतर असली तर तडा लवकर जातो, आडवी असली तर क्वचित. पत्रा वाचवण्यासाठी एकाच शीटमध्ये काही ब्रॅकेट उभे आणि काही आडवे बसवले असतील, तर काहींना तडा आणि काहींना नाही, असे अगदी आपण लिहिले आहे तसेच दिसेल. दोन्ही दिशांना बेंड असलेल्या ब्रॅकेटला 45 अंशांत कापणे हा मार्ग आहे. त्यात पत्रा वाया जातो, पण जाड आणि कडक पत्र्यात दुसरा इलाज नसतो. दुसरी शक्यता बरची. बर असलेली बाजू बेंडच्या बाहेर आली की ताणलेल्या पृष्ठभागावर आधीच असंख्य बारीक चिरा असतात आणि त्यांतली एक उघडते. बर नेहमी बेंडच्या आत घ्यावी. त्यासाठी बर कोणत्या बाजूला येते हे डाय बनवतानाच ठरवावे लागते: प्रोग्रेसिव्ह (टप्प्याटप्प्याने कापणाऱ्या) डायमध्ये भोकाची बर आणि बाहेरच्या कडेची बर विरुद्ध बाजूंना येतात, कंपाउंड (भोक आणि कड एकाच स्ट्रोकमध्ये कापणाऱ्या) डायमध्ये त्या एकाच बाजूला येतात. तिसरी शक्यता म्हणजे पत्राच वेगळा आला आहे. ब्रॅकेट जर एचआर (गरम लाटलेल्या) पत्र्याचे असतील, तर आयएस 2062 च्या ई250 आणि ई350 या ग्रेडमध्ये वाकण्याच्या दृष्टीने बराच फरक पडतो, आणि भंगारातून किंवा उरलेल्या तुकड्यांतून घेतलेल्या पत्र्याची ग्रेड कोणालाच माहीत नसते.

तडा टाळण्यासाठी बेंडची रेष गॅसने तापवण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती सोडून द्यावी. तापवून मऊ करणे ही विद्या खोटी नाही. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून कडक झालेले तांबे पुन्हा तापवून मऊ करत घडवतात आणि शेवटचे मठारकाम भांड्याला ताठपणा देते. तेथे कारागीर कडकपणा कोठे हवा आणि कोठे नको हे जाणून तापवतो. आपल्या ब्रॅकेटवर मात्र टॉर्चने उष्णता असमान जाते, पत्रा पिळवटतो, पपुद्रा धरतो आणि प्रत्येक नगाचा कोन वेगळा उघडतो. त्रिज्या वाढवणे, दिशा बदलणे आणि बर आत घेणे हे तिन्ही उपाय त्याहून स्वस्त आहेत.

टोपीच्या विचारणेचे उत्तर गणिताने देता येते. 80 मि.मी. व्यास आणि 50 मि.मी. खोलीसाठी सपाट चकतीचा व्यास काढताना व्यासाच्या वर्गात व्यास आणि खोली यांच्या गुणाकाराची चौपट मिळवून वर्गमूळ घ्यायचे. ते सुमारे 150 येते आणि कड छाटण्यासाठी थोडे वाढवून 155 धरावे. चकती आणि टोपी यांच्या व्यासांचे गुणोत्तर 1.94 होते. चांगल्या ओढकामाच्या पत्र्याची मर्यादा 2 च्या आसपास असल्याने एका ओढीत हे जमेल असे कागदावर दिसते, पण रोजच्या उत्पादनात तेल कमी पडले, पत्रा थोडा बदलला, की तळाच्या त्रिज्येजवळ टोपी फाटू लागते. दोन ओढी घ्याव्यात: 155 वरून 95 आणि 95 वरून 80. ईडीडी पत्रा घ्यावा, डायची त्रिज्या जाडीच्या सहा ते आठपट ठेवावी आणि ती ओढीच्या दिशेने पॉलिश करावी. काठाला सुरकुत्या पडल्या तर चकतीचा काठ दाबून धरणाऱ्या ब्लँक होल्डरचा दाब वाढवायचा, तळाशी फाटले तर कमी करायचा. दोन्ही एकाच वेळी होत असतील तर दाबाशी खेळू नये, तेल, त्रिज्या आणि पत्रा तपासावा. आपला प्रेस कुशनशिवाय, म्हणजे हा दाब देणाऱ्या सोयीशिवाय, असेल तर हे काम घेण्यापूर्वी त्याची सोय करावी लागेल.

शेवटी लेझर. या यंत्राबद्दल आपल्याकडे थोडा अभिमान बाळगण्यासारखे कारण आहे: उद्योगात लेझर कटिंग ज्यामुळे रुजले तो कार्बन डायऑक्साइड लेझर 1960 च्या दशकात अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये विकसित करणारे कुमार पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. आज पातळ पत्र्यात त्याची जागा फायबर लेझरने घेतली आहे. त्याची तरंगलांबी सुमारे 1 मायक्रॉन, म्हणजे जुन्या लेझरच्या जवळपास दहाव्या भागाइतकी आहे, आणि धातू ती अधिक शोषून घेतो. आपल्या 1.6 आणि 2 मि.मी. च्या कामाला त्याचा वेग आणि अचूकपणा उत्तम आहे, हे मी मान्य करतो.

मात्र लेझरवर दिल्याने आपली दुखणी आपोआप जाणार नाहीत. दरवाज्याचे माप बेंडच्या वजावटीमुळे चुकते आहे, आणि लेझरवाल्याला आपण वाकवलेल्या भागाचे ड्रॉइंग दिले तर तो त्याच्या सॉफ्टवेअरमधील ठरीव ‘के’ फॅक्टरने सपाट माप काढेल. ते त्याच्या ब्रेकलाही कदाचित लागू नसेल, आपल्याला तर नाहीच. सपाट मापाची डीएक्सएफ (ड्रॉइंगची संगणकी) फाइल आपण आपल्या तक्त्यावरून तयार करून द्यावी, त्यावर पत्र्याची मोजलेली जाडी लिहावी आणि बेंडची रेषा लाटण्याच्या दिशेला आडवी राहील असे नेस्टिंग (शीटवर भागांची मांडणी) करण्यास लेखी सांगावे. नेस्टिंग करणारा पत्रा वाचवण्यासाठी भाग फिरवतो, आणि तडे पुन्हा तेथूनच सुरू होतात.

दुसरा मुद्दा लेझरसोबत सोडल्या जाणाऱ्या वायूचा आहे. ऑक्सिजनने कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. त्यावर पावडर कोटिंग चढते, सुरुवातीला छान दिसते, आणि काही महिन्यांनी कडेपासून पापुद्र्यासारखे सुटते. प्रीट्रीटमेंटच्या (कोटिंगपूर्व सफाईच्या) टाक्यांतील नेहमीच्या रसायनांवर हा थर पूर्ण निघेल असा भरवसा धरू नये. कोटिंग होणाऱ्या भागांसाठी नायट्रोजनने कापण्याची अट ऑर्डरमध्ये घालावी. ते महाग पडते, पण कॅबिनेट परत येण्यापेक्षा स्वस्तच.

माझ्या मते आपण कामाची विभागणी अशी करावी. दर महिन्याला त्याच आकाराचे हजारो नग लागणारे ब्रॅकेट आणि वॉशर डायवरच राहू द्यावेत, कारण तेथे प्रेसच्या प्रत्येक स्ट्रोकची किंमत लेझरच्या मिनिटांपुढे नगण्य आहे. दरवाजे, माउंटिंग प्लेट आणि ग्राहकागणिक बदलणारी कटआउट असलेली पॅनेल लेझरवर द्यावीत. या भागांसाठी डाय करणे कधीच परवडत नाही, आणि शीअरिंग करून नंतर कोपरे नॉच करताना जी मापे सरकतात तीही एकाच सेटिंगमध्ये आल्याने टिकतात. सरळ पट्ट्या आणि साधे चौकोनी ब्लँक शीअरिंगवर ठेवावेत, मात्र पात्यांची फट जाडीनुसार लावूनच. हा बदल करण्याआधी वजावटीचा तक्ता पूर्ण करावा आणि लेझरवरून आलेल्या पहिल्या लॉटमधील एकच दरवाजा वाकवून चौकटीत बसवून पाहावा, मगच उरलेले नग ब्रेकवर घ्यावेत.